चाकावरचे घर आणि आगीपासून बचाव
गाडी बांधणाऱ्या, सजवणाऱ्या आणि वापरणाऱ्या बांधवांसाठी

आपल्या कारीगर बांधवांच्या हाती गेल्या काही वर्षांत एक नवे काम आले आहे. सहलीसाठी राहण्याची सोय असलेली गाडी, म्हणजे जिला लोक 'कॅराव्हॅन' म्हणतात, ती बांधून देण्याचे हे काम आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर या गाड्यांची चौकशी वाढली. अमेरिका-युरोपात अशा गाड्या फार जुन्या आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा एखादी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बस गॅरेजमध्ये आणली जाते आणि तिच्यात बिछाना, ओटा, शेगडी, पंखा, फ्रीज, पडदे असे सारे बसवले जाते. पत्र्याचे काम करणारा, सुतार, वायरमन, गादीवाला, रेक्झिन शिवणारा अशा पाच-सहा हातांखालून गाडी जाते. यांतले पुष्कळ हात आपल्या समाजाचे आहेत. कापड, फोम आणि रेक्झिन विकणारे आम्हीही त्याच साखळीतली एक कडी आहोत.

काम चांगले आहे, मेहनतीचा मोबदलाही बरा मिळतो. पण एक गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय त्यात हात घालू नये. ती म्हणजे आग. ज्या गाडीत माणसे झोपणार आहेत तिला लागलेली आग ही साध्या गाडीच्या आगीसारखी नसते. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. जे बांधव गाडी बांधत नाहीत, पण माल भरून बाजारोबाजार फिरतात, रात्री गाडीतच झोपतात आणि चहा गाडीतच करतात, त्यांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

दोन घटना, एकच सबक

१५ एप्रिल १९९७ रोजी हजच्या दिवसांत मिनाच्या मैदानात आग लागली. स्वयंपाकाच्या गॅसपासून सुरू झालेली ही आग वाऱ्यामुळे कापडी तंबूंतून पसरत गेली. हजारो तंबू खाक झाले आणि ३४३ हाजी अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर सौदी सरकारने दोन गोष्टी केल्या. कापडी तंबूंच्या जागी टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचे, सहजी न पेटणारे तंबू उभारले आणि तंबूत स्वयंपाकाचा गॅस वापरायला बंदी केली. म्हणजे आग पेटवणारी वस्तूही काढली आणि आग पसरवणारे कापडही बदलले.

दुसरी घटना आपल्या देशातली आहे. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या एका खासगी पर्यटक डब्याला आग लागली. यात्रेकरू लखनौहून आले होते. प्रवासभर राहणे, खाणे, झोपणे त्या डब्यातच होते. नियमाविरुद्ध आत आणलेला गॅस सिलिंडर हे आगीचे कारण ठरले आणि ९ जणांचा जीव गेला. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे असा धोकादायक माल गाडीत नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा होता, तरी सिलिंडर आत गेलाच. डबा उभा होता, चालत नव्हता, हेही ध्यानात ठेवा. 'गाडी उभी आहे, आता काय होणार' ही समजूत खोटी आहे.

दोन्ही ठिकाणी कापड, गॅस आणि दाटीवाटीने झोपलेली माणसे होती. आपण बांधतो त्या गाडीत या तिन्ही गोष्टी असतात. शिवाय डिझेलची टाकी आणि बॅटरी असते ती वेगळीच.

घर आणि गाडी यांतला फरक

घराच्या खोलीत आग लागली तर माणूस दुसऱ्या खोलीत जातो. गाडीत दुसरी खोली नसते. बिछाना आणि शेगडी यांत चार हातांचे अंतर असते. छत खाली असते, त्यामुळे धूर लगेच नाकातोंडाशी येतो. दार बहुधा एकच, आणि सुतारकाम करताना ओटा त्या दाराजवळच बसवला जातो. म्हणजे जिथून आग लागण्याचा संभव जास्त तिथूनच बाहेर पडायची वाट.

आणखी एक फरक असा की घर हलत नाही. गाडी रोज हादरे खाते. भिंतीतल्या वायरीचा स्क्रू दहा वर्षे घट्ट राहील, पण गाडीतला तोच स्क्रू सहा महिन्यांत ढिला होईल. गॅसच्या नळीचा जोडही तसाच. म्हणून घरातली कामाची पद्धत जशीच्या तशी गाडीत आणून चालत नाही.

गॅस : आधी हवेचा रस्ता, मग शेगडी

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला तर तो वर न जाता खाली फरशीवर साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की एक ठिणगी पुरे. टाकीतला १ लिटर द्रवरूप गॅस बाहेर आल्यावर सुमारे २५० लिटर वायू होतो. आता गाडीच्या आतली जागा किती लहान आहे याचा विचार करा, म्हणजे जरासा गळतीचा अर्थ काय ते कळेल.

यावरून कामाचे नियम निघतात. सिलिंडर राहण्याच्या जागेत ठेवू नये. त्यासाठी बाहेरून उघडणारा स्वतंत्र कप्पा करावा आणि तो आतल्या बाजूने पूर्ण बंद असावा. त्या कप्प्याच्या तळाशी हवा बाहेर जाण्याची जाळी हवी. जाळी वरच्या बाजूला ठेवली तर उपयोग नाही, कारण गॅस खाली बसतो. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा आणि पट्ट्याने जखडावा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव गॅस नळीत येतो.

नळी आयएसआय मार्कची, जाळीदार आवरणाची सुरक्षा नळी असावी. तिच्यावर छापलेले वर्ष पाहावे आणि पाच वर्षांत ती बदलावी. पत्र्याच्या कडेवरून नळी नेताना मध्ये रबरी बोळा घालावा, नाहीतर हादऱ्याने पत्रा नळी कापतो. जोड तपासायचा तो साबणाच्या पाण्याने, काडी पेटवून कधीच नाही. गाडी चालू करण्याआधी सिलिंडरचा वॉल्व बंद झालाच पाहिजे. नुसते शेगडीचे बटण बंद करणे पुरेसे नाही. चालत्या गाडीत स्वयंपाक करू नये हे वेगळे सांगायला नको.

घरगुती सिलिंडर अशा गाडीत वापरणे कायद्याला धरून नाही. ग्राहकाला हे आधीच सांगावे. जमत असेल तर गॅसऐवजी बाहेरून वीज घेऊन चालणारी शेगडी, किंवा गाडीबाहेर मोकळ्या हवेत स्वयंपाक करण्याची सोय सुचवावी.

वीज : बारीक वायर, मोठी आग

आमच्या वायरमन बांधवांना एक छोटा हिशेब दाखवतो. घरात वीज २३० व्होल्टची असते. १००० वॅटचे उपकरण लावले तर वायरीतून साडेचार अँपिअरच्या आत वीज जाते. तेच उपकरण गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवले तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीतून ८३ अँपिअर वीज जाते. इन्व्हर्टरमध्ये होणारा तोटा धरला तर नव्वदच्याही वर. म्हणजे जवळजवळ वीसपट! आणि वायरीत तयार होणारी उष्णता ही अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वीज दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते.

'१२ व्होल्ट म्हणजे खेळणे, शॉक लागत नाही' असे आपले लोक म्हणतात. शॉक लागत नाही हे खरे, पण आग लागते. घरात फिरवलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर इथे लावली तर ती काही क्षणांत लाल होईल. या ठिकाणी साधारण २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते, अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. इन्व्हर्टर बनवणाऱ्याने पुस्तिकेत जे माप दिले असेल त्याखाली कधी जाऊ नये.

फ्यूज कुठे बसवायचा हाही प्रश्न आहे. पुष्कळ जण तो उपकरणाजवळ बसवतात, कारण तिथे हात पोचतो. पण फ्यूज हा वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा घासून पत्र्याला लागला तर त्याला वाचवणारे कोणी नसते. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून चोराला बोलावणे होय.

वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावे. जोड पिळून टेप लावण्याऐवजी लग दाबून करावा. जोड गादीखाली किंवा प्लायवूडच्या मागे कायमचा बुजवू नये, तपासता येईल अशा जागी ठेवावा. बाहेरून २३० व्होल्टची वीज घेण्याची सोय केली तर एमसीबी, ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच आणि अर्थिंग या तिन्ही गोष्टी हव्यातच. लांब एक्स्टेन्शन वायर गुंडाळी करून वापरू नये, गुंडाळीत उष्णता कोंडते. पूर्ण उलगडून वापरावी.

साधी शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो वर जाणारा आणि पेटणारा वायू आहे, म्हणून बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूने हवा हवी. गॅसला खाली जाळी आणि बॅटरीला वर, हे पाठ करून ठेवावे. लिथियम बॅटरी हलकी असते, पण बिघडली तर स्वतःच तापत जाते आणि ती आग विझवणे कठीण असते. तिच्यासोबत तिचे नियंत्रक सर्किट आणि तिच्याचसाठीचा चार्जर घ्यावा. फुगलेली बॅटरी क्षणभरही गाडीत ठेवू नये.

कापड आणि फोम : आमच्या धंद्याची जबाबदारी

आता आमच्या प्रांतात येतो. आग कशानेही लागो, तिला वाढवतो तो आतला कपडा आणि फोम.

प्रत्येक धाग्याचा स्वभाव वेगळा असतो. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे. सुती कापड पेटत राहायला सुमारे १८ टक्केच पुरतो, म्हणून ते हवेत सहज जळत राहते आणि ज्योत विझल्यावरही धुमसते. रेयॉनचेही तसेच. ॲक्रिलिक जोराने जळते. पॉलिएस्टर आणि नायलॉन २०-२१ च्या आसपास आहेत. ते ज्योतीपासून आक्रसतात आणि वितळून थेंब गाळतात. हे जळते थेंब खालच्या गादीवर किंवा माणसाच्या अंगावर पडतात. लोकरीला सुमारे २५ टक्के ऑक्सिजन लागतो, म्हणून ती सहजी पेटत नाही आणि ज्योत काढली की बहुधा विझते. पॉलिएस्टर-सुती मिश्रण सुरक्षित असेल असे वाटते, पण त्यात सूत सांगाड्यासारखे उभे राहते आणि वितळलेले पॉलिएस्टर त्यावर तेलासारखे जळते.

विणीलाही महत्त्व आहे. घट्ट आणि वजनदार कापड हळू जळते, विरळ आणि हलके कापड भराभर. मखमल किंवा फलालीनसारख्या केसाळ कापडावर ज्योत वरच्या वर पळते. गाडीच्या मालकांना मखमली पडदे आवडतात आणि आम्ही ते विकतोही, पण शेगडीच्या जवळपास ते नकोत हे सांगणे आमचे काम आहे.

सर्वांत धोक्याचा आहे साधा पॉलियुरेथेन फोम. तो पेटला की काही मिनिटांत सारी जागा आगीच्या ताब्यात जाते. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. झोपलेला माणूस बऱ्याचदा ज्योतीने नाही, या धुराने मरतो. रेक्झिनच्या धुरात आम्ल असते, ते डोळे आणि घसा जाळते, दार दिसेनासे होते.

मग लावायचे काय? गाडीच्या आतल्या वस्तूंसाठी आपल्या देशात आयएस १५०६१ हे मानक आहे. त्यात पट्टी आडवी धरून एका टोकाला पेटवतात, आणि ज्योत मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने पुढे जाता कामा नये. माल घेताना गिरणीकडून किंवा फोमच्या कारखान्याकडून या चाचणीचा दाखला मागावा. गादीसाठी आगरोधक फोम मिळतो, महाग पडतो पण मिळतो. पडद्यासाठी ज्याच्या धाग्यातच आगरोधक गुण आहे असे पॉलिएस्टर मिळते, तो गुण धुण्याने जात नाही. सुती कापडावर रसायनाची प्रक्रिया केलेली असेल तर ती किती धुण्यांपर्यंत टिकते ते विचारावे. टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून सुकवलेले कापडही आगीला अडवते, पण एका धुण्यात तो गुण निघून जातो आणि पुन्हा करावे लागते. आणखी एक गोष्ट ग्राहकाला सांगावी : जड पाण्यात साबणाने धुतल्यास कापडावर साबणाची साय बसते आणि आगरोधक कापडही जळू लागते.

दुकानात हाताने तपासायचे असेल तर कापडाची बोटभर रुंद पट्टी चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून, मोकळ्या हवेत खालच्या कडेला दहा-बारा सेकंद ज्योत लावावी. ज्योत काढल्यावर ती विझते का, थेंब गळतात का, धुमसते का ते पाहावे. यावरून कापडाचा स्वभाव कळतो, मात्र ही परीक्षा दाखल्याची जागा घेत नाही.

इंजिन आणि चाके

अशा गाडीत सामान चढल्याने वजन वाढते. हवा कमी असलेला टायर तापतो, फाटतो आणि कधी पेटतोही. मागे जोडचाके असतील तर आतला टायर बसलेला ड्रायव्हरला कळतच नाही. दर थांब्यावर चाकाच्या मध्याजवळ हाताची पाठ नेऊन पाहावे. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. इंजिनावर तेल आणि धूळ यांचा थर साचू देऊ नये. डिझेलच्या जुन्या रबरी नळ्या वेळेवर बदलाव्यात. तापलेल्या सायलेन्सरची गाडी सुक्या गवतावर उभी करू नये.

निसटण्याची वाट

गाडीचा नकाशा काढतानाच दाराव्यतिरिक्त दुसरी वाट ठरवावी. बिछान्याजवळची एक खिडकी आतून, अंधारात, लहान मुलालाही उघडता येईल अशी हवी. तिच्यावर गज किंवा कपाट नको. दाराचे कुलूप फक्त विजेवर चालणारे असेल तर हाताने उघडण्याची सोय ठेवावी, कारण आगीत वीज आधी जाते.

धूर ओळखणारा भोंगा छताला आणि गॅस ओळखणारा भोंगा फरशीजवळ लावावा. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी एनएफपीए ११९२ नावाचे मानक आहे. त्यात हे भोंगे, अग्निशामक आणि दुसरी वाट या गोष्टी धरलेल्याच आहेत. आपल्याकडे ग्राहक मागत नाही म्हणून कारीगराने सोडून द्यावे असे नाही.

अग्निशामक एबीसी पावडरचा, निदान २ किलोचा, आयएसआय मार्कचा असावा. तो दाराजवळ ठेवावा, शेगडीच्या मागे नाही. तो जेमतेम दहा सेकंद चालतो, म्हणून पिन काढून, ज्योतीच्या मुळावर रोखून, डावी-उजवीकडे फिरवत मारावा. एका अग्निशामकाने आग विझली नाही तर दुसरा प्रयत्न करू नये, बाहेर पडावे. कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नये, शेगडी बंद करून झाकण ठेवावे. गॅसचा वास आला तर कोणतेही स्विच चालू किंवा बंद करू नये. दारे उघडावी, सर्वांनी उतरावे, बाहेरून सिलिंडर बंद करावा. गॅसगळतीसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे नंबर गाडीत लिहून ठेवावे.

कायदा, विमा आणि इमान

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. राहण्याच्या गाडीसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानकही आहे. आरटीओच्या नोंदीत बदल नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग मालक कारीगराच्या दारात येतो. म्हणून काम घेण्याआधी कागद पाहावे. बिलावर फोम, कापड, वायर यांचे नाव व दर्जा लिहावा आणि दाखल्यांची प्रत जपून ठेवावी.

खरा पेच पुढे येतो. ग्राहक म्हणतो, 'शेजारचा गॅरेजवाला वीस हजार कमी सांगतो.' ते वीस हजार कुठून कमी झाले? आगरोधक फोमच्या जागी साधा फोम, जाड केबलच्या जागी बारीक, भोंगा नाही, दुसरी खिडकी नाही. वरून कव्हर तेच, शिलाई तीच, दिसायला गाडी तीच. हदीसमध्ये बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा किस्सा येतो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तर वर सुके आणि आत ओले धान्य लागले. ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. चांगल्या कव्हराखाली साधा फोम भरणे हे त्या ओल्या धान्याहून वेगळे नाही. उलट जास्त गंभीर आहे, कारण ओल्या धान्याने पैसा जातो, इथे झोपलेली मुले जातात.

यावर उपाय भांडण नाही. दोन दर लेखी द्यावेत आणि फरक कशाचा आहे ते ग्राहकासमोर दोन पट्ट्या जाळून दाखवावे. ज्याने ते डोळ्यांनी पाहिले तो सहसा स्वस्त माल मागत नाही. तरीही मागितला तर झोपण्याच्या गाडीचे ते काम सोडून द्यावे. रोजी देणारा अल्लाह आहे, तो एका गाडीवर अडून राहात नाही.

रोजचा पाठ

निघण्यापूर्वी : सिलिंडरचा वॉल्व बंद, बाहेरची वीज काढलेली, टायरची हवा पाहिलेली, इंजिनाखाली तेल-डिझेलचा डाग नाही.

झोपण्यापूर्वी : सिलिंडरचा वॉल्व बंद, इन्व्हर्टर बंद, गादीवर कोणताही चार्जर नाही, मच्छर अगरबत्ती किंवा ऊद जळत नाही, सुटकेच्या खिडकीसमोर सामान नाही, अग्निशामकाचा काटा हिरव्यात.

मदिन्यात एका रात्री एक घर जळाल्याचे कळले, तेव्हा आग ही तुमची दुश्मन आहे, झोपताना ती विझवून ठेवा, अशा आशयाची ताकीद पैगंबर (स.) यांनी दिली होती. चौदा शतकांपूर्वी ती दिव्याबद्दल होती. आज आपल्या गाडीत दिव्याच्या जागी सिलिंडर, बॅटरी आणि चार्जर आले आहेत. वरचा पाठ कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, प्रत्येक गाडीच्या दाराच्या आत चिकटवून द्यावा आणि गाडी ताब्यात देताना मालकाकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. याला खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटांचा लागतो.